म्यूझस्कोअर ४.४ : ली बाईची वीस अक्षरं चार आवाजांत बसवताना

म्यूझस्कोअर स्टुडिओ हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं आणि कॉयरचा (समूहगायनाचा) स्कोअर, म्हणजे स्वरलिपीतली प्रत, छापण्याजोगा काढून देतं. हे बहुतेकांना माहीत आहे. इथे प्रश्न वेगळा आहे : तांग काळातली (६१८–९०७) चिनी कविता सोप्रानो, आल्टो, टेनर, बास अशा चार आवाजांसाठी लिहायची असेल, तर हे सॉफ्टवेअर कुठवर साथ देतं? उत्तर थोडक्यात असं, की छपाईची बाजू ते उत्तम सांभाळतं, मात्र तीन-चार सेटिंग आधी लावून घ्यावी लागतात. भाषेची बाजू ते अजिबात सांभाळत नाही. चिनी शब्दाचा सूर, म्हणजे उच्चारातला तो चढउतार ज्यावर अर्थ ठरतो, चुकला तर पडद्यावर काहीही लाल होत नाही.

परीक्षण ४.४ या आवृत्तीचं आहे. चाचणीसाठी कविता घेतली ली बाईची (७०१–७६२), चिनी शाळांमध्ये लहानपणीच पाठ होणारी चार ओळींची 'शांत रात्रीचे विचार'. प्रत्येक ओळीत पाच अक्षरं, एकूण वीस. पलंगासमोर चांदणं पडलंय, जमिनीवर दहिवर गोठल्यासारखं वाटतंय, मान वर करून चंद्र पाहतो, मान खाली घालून गाव आठवतो. एवढीच कविता.

डाउनलोड करतानाच एक गोंधळ होतो, तो आधी निस्तरू. सॉफ्टवेअर मिळतं ते 'डॉट ऑर्ग'च्या पत्त्यावर, आणि ते पूर्ण फुकट व मुक्त परवान्याचं आहे. त्याच नावाचं 'डॉट कॉम' हे लोकांनी चढवलेल्या स्कोअरचं संकेतस्थळ आहे आणि तिथे बऱ्याच डाउनलोडसाठी वर्गणी मागतात. कार्ड नंबर विचारला जातोय असं दिसलं, तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात.

आता मुख्य काम. कॉयरला शब्द किती ओळींत द्यायचे? चिनी कॉयरला चिनी लिपी पुरते. बाहेरच्या कॉयरला पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतलं चिनी, लागतं. मराठी गाणाऱ्यांच्या कॉयरला तिसरी ओळ देवनागरीत द्यावी असं आमचं ठाम मत आहे, आणि त्याला कारण आहे. पिनयिनची रोमन अक्षरं इंग्रजीच्या सवयीने वाचली की उच्चार हमखास चुकतात. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला 'प', आणि 'पी' म्हणजे फळातला 'फ'. 'जी' म्हणजे 'क', 'के' म्हणजे 'ख'. श्वास सोडायचा की नाही, हा फरक इंग्रजी वाचणाऱ्याला घोटवून घ्यावा लागतो. आपल्या बाराखडीत तो आयताच आहे. त्याहून गंमत 'च'ची. पिनयिनचा 'जे' हा चहातल्या 'च'च्या जवळ जातो, आणि 'झेड' हा चमचातल्या 'च'च्या. हे दोन 'च' मराठी माणूस दिवसभर न चुकता वापरतो. 'एक्स' हा शहामृगातला 'श', तर 'एसएच' हा जीभ नीट वळवून म्हटलेला 'ष', जो आपण लिहितो पण आता क्वचितच म्हणतो.

तर कवितेची देवनागरी ओळ अशी होते :

छ्वाङ छ्येन मिङ य्वे क्वाङ,
यी ष् ति षाङ ष्वाङ,
च्यू थोउ वाङ मिङ य्वे,
ति थोउ स् कु श्याङ.

शेवटी 'ङ' मुद्दाम लिहिला आहे. 'क्वांग' असं अनुस्वार देऊन लिहिलं, की आपला गायक शेवटी स्पष्ट 'ग' वाजवणार, आणि तीस जणांचा 'ग' तीस वेगवेगळ्या क्षणी पडणार. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक याच 'आङ'वर आहे, त्यामुळे ही चूक तीनदा ऐकू येते. लांब स्वरावर 'आ' धरायचा आणि सोडतानाच्या ठोक्यावर नाकात मिटायचा.

तीन ओळी म्यूझस्कोअरमध्ये बसवायची रीत अशी. पहिला स्वर निवडून कंट्रोल-एल दाबलं की शब्द लिहिता येतात. स्पेस दाबली की पुढच्या स्वरावर, हायफन दाबला की त्याच शब्दाच्या पुढच्या अवयवावर (सिलॅबलवर), अंडरस्कोर दाबला की एकाच अवयवावर अनेक स्वर ओढणारी रेघ. एंटर दाबला की त्याच स्वराखाली दुसरी ओळ. चिनी ओळीत हायफन कुठेच नको, कारण तिथे प्रत्येक अक्षर सुटं असतं. पिनयिनच्या ओळीत 'मिङ-य्वे' (उजळ चंद्र) हा जोडशब्द म्हणून हायफनने जोडता येतो. प्रत्येक ओळीचे हायफन स्वतंत्र राहतात, ते एकमेकांत अडकत नाहीत.

इथे पहिली अडचण येते. चिनी मजकूर सलग असतो, दोन शब्दांत मोकळी जागा नसते. तो उचलून पहिल्या स्वराखाली चिकटवला तर अख्खी ओळ एकाच स्वराखाली जाऊन बसते आणि ते माप (बार) पानभर रुंद होतं. उपाय साधा आहे. आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये प्रत्येक अक्षरानंतर स्पेस टाका, विरामचिन्हं काढा, मग कॉपी करा. ४.४ मध्ये दर कंट्रोल-व्हीला एक अक्षर बसतं आणि कर्सर पुढे सरकतो. वीस अक्षरांना वीस वेळा. कंटाळवाणं आहे, पण थेट चिनी कीबोर्डवरून टाइप करण्यापेक्षा बरं. तिथे अक्षर निवडायलाही स्पेस आणि पुढच्या स्वरावर जायलाही स्पेस, त्यामुळे बोटांचा गोंधळ उडतो.

विरामचिन्हं काढायला सांगितली त्याचंही कारण आहे. चिनी पूर्णविराम एका पूर्ण अक्षराएवढी जागा खातो. तो चिकटला की अक्षर स्वराच्या बरोबर खाली न राहता डावीकडे सरकलेलं दिसतं. स्वल्पविराम, पूर्णविराम पिनयिनच्या ओळीत द्या, तेवढे पुरतात.

दुसरी अडचण फॉन्टची, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. म्यूझस्कोअरमध्ये गीताच्या ओळींना दोनच स्टाइल आहेत : विषम ओळींची एक, सम ओळींची एक. फॉरमॅट, स्टाइल, टेक्स्ट स्टाइल्स असं गेलात की 'लिरिक्स ऑड लाइन्स' आणि 'लिरिक्स ईव्हन लाइन्स' ही नावं दिसतील. दोन ओळींच्या स्कोअरसाठी हे झकास आहे. पिनयिन एका फॉन्टमध्ये, चिनी दुसऱ्यात. तिसरी देवनागरी ओळ आली की ती पहिल्या ओळीचीच स्टाइल उचलते. म्हणून क्रम असा ठेवा : पहिली पिनयिन, दुसरी चिनी, तिसरी देवनागरी. म्हणजे पहिली आणि तिसरी एकाच फॉन्टमध्ये जातात, आणि रोमन व देवनागरी दोन्ही असलेले फॉन्ट आता सहज मिळतात. मात्र पिनयिनच्या सूरचिन्हांसह तो तपासा. उलट्या टोपीचा 'यू' आणि दोन टिंबांवर आणखी चिन्ह असलेला 'यू' ही दोन अक्षरं टाइप करून बघा. फॉन्टमध्ये ती नसतील तर संगणक दुसऱ्याच फॉन्टमधून उसनी आणतो आणि ती शेजाऱ्यांपेक्षा जाड किंवा बुटकी दिसतात. आकार पिनयिन-देवनागरीला ९ पॉइंट, चिनीला ११ ठेवा. चिनी अक्षरात रेघा दाट असतात, ९ पॉइंटमध्ये मागच्या रांगेतल्या बासला ती काळी ढेकळं दिसतात.

चार आवाजांना तीन-तीन ओळी म्हणजे एका सिस्टिममध्ये (एकत्र वाचायच्या सगळ्या आवाजांच्या पट्ट्यांत) बारा ओळी मजकूर, आणि ए-फोर पानाचा श्वास कोंडतो. जिथे चौघं एकाच तालात एकच शब्द गातात, तिथे क्लोज्ड एसएटीबीचा (सोप्रानो, आल्टो, टेनर, बास यांची आद्याक्षरं) साचा घ्या : दोनच पट्ट्या (स्टाफ), मध्ये तीन ओळी शब्द. हा साचा नवीन स्कोअरच्या यादीत तयारच असतो. आवाज वेगवेगळ्या वेळी येणार असतील तर चार पट्ट्या ठेवाव्याच लागतात. अशा वेळी तिन्ही ओळी फक्त सोप्रानोखाली द्या आणि बाकीच्यांना कॉयर वाचू शकेल ती एकच.

सोप्रानोचे शब्द आल्टोला पुन्हा टाइप करायची गरज नाही. एक अक्षर निवडून उजवी क्लिक, त्याच पट्टीवरचे सगळे सारखे घटक निवडा, कॉपी, आल्टोचा पहिला स्वर निवडा, पेस्ट. अट एकच, ताल तंतोतंत जुळला पाहिजे. एखाद्या मापात आल्टोचा ताल वेगळा असेल तर तिथून पुढची अक्षरं आपापल्या जागी बसली आहेत का, ते एकेक बघावं लागतं.

इथवर तक्रार करण्यासारखं फार नाही. आता ती बाजू, जिथे सॉफ्टवेअर गप्प बसतं.

मँडरिनमध्ये चार सूर आहेत : पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली बुडणारा, चौथा झपकन उतरणारा. गाण्यात ते बोलण्याइतके काटेकोर पाळत नाहीत. आधुनिक चिनी कॉयर-रचनांत चाल सुराविरुद्ध गेलेली सर्रास सापडते आणि श्रोत्याला संदर्भाने अर्थ कळतो. पण जिथे चाल सुराच्या अंगाने जाते, तिथे शब्द आपोआप स्पष्ट होतो. जिथे ती उलटी जाते, तिथे लक्ष शब्दावरून उडतं. एकेका अवयवाला डझनभर अर्थ असलेल्या भाषेत हे परवडत नाही.

दुसरी ओळ बघा. यी चढता, मग ष्, ति, षाङ हे लागोपाठ तीन उतरते, शेवटी ष्वाङ उंच सपाट. चाल लिहिताना हात सहज चढत्या सरगमेकडे जातो, 'दहिवर'पर्यंत पोचायचं म्हणून. ते इथे नडतं. तीन उतरते सूर बोलताना प्रत्येक वेळी थोड्या खालून सुरू होतात. म्हणून भूपाच्या स्वरांत 'यी' गप, मग 'ष्' सां, 'ति' ध, 'षाङ' प अशा पायऱ्या उतरा आणि 'ष्वाङ'ला ध वर उडी घेऊन थांबा. ओळ बोलल्यासारखी वाटते.

खरी पंचाईत तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. 'च्यू' म्हणजे वर उचलणं, आणि त्याचा सूर तिसरा, सगळ्यांत खालचा. 'ति' म्हणजे खाली घालणं, आणि त्याचा सूर पहिला, उंच सपाट. अर्थ वर जातोय तेव्हा सूर खाली, अर्थ खाली येतोय तेव्हा सूर वर! 'वर' म्हटलं की सोप्रानोला वर न्यायचं ही पाश्चात्त्य कॉयर-लेखनातली जुनी सवय, आणि नेमकी ती इथे उताणी पडते. मार्ग असा : 'च्यू' खालच्या सा वर ठेवा आणि चढण पुढच्या 'थोउ'ला द्या, कारण 'थोउ'चा सूर चढताच आहे. मान उचलल्याचा भास तिथे आपोआप होतो. चौथ्या ओळीत 'ति' बाकी ओळीच्या मानाने उंच ठेवा, पण ओळच मुळात खालच्या पट्टीत बसवा. चौथ्या ओळीतलं उंच म्हणजे तिसऱ्या ओळीतलं मधलं, एवढं गणित जमलं की अर्थ आणि सूर दोघंही राजी. म्यूझस्कोअरला यातलं काहीच दिसत नाही; त्याच्या लेखी 'ति' म्हणजे स्वराखालची शाई. म्हणून फाइल उघडण्याआधी कागदावर वीस अक्षरांच्या खाली वीस बाण काढा.

हे सूर एकाच आवाजाला पाळता येतात, हेही मान्य करून टाका. चौघं एकाच वेळी एकाच अक्षरावर असताना सोप्रानो चढली आणि बास उतरला, तर सूर ज्याच्याकडे चाल आहे त्याचाच ऐकू येतो. बाकीच्यांनी सुसंवादाचं काम करावं. आवाज एकमेकांवर चढवून फ्यूगसारखं (एकच धून आवाजामागून आवाज उचलतो तसं) विणकाम केलं की चिनी शब्द विरघळतात. ते मुद्दाम हवं असेल तर ओळ आधी एकदा स्वच्छ ऐकवून मग करा.

आणखी एक जागा : 'स्'. चौथ्या ओळीतलं हे अक्षर म्हणजे 'आठवणं', अख्ख्या कवितेचा प्राण, आणि त्यात 'अ' नाही, 'इ' नाही. जीभ 'स'च्या जागी ठेवून घशातून आवाज काढायचा. सोप्रानोला वरच्या ग वर चार ठोके दिलेत तर ती 'सी' गाणार किंवा श्वास संपवणार. मधल्या सप्तकात, एक ते दीड ठोका, बास. लांबवायचंच असेल तर पुढच्या 'श्याङ'वर लांबवा, तो 'आ' मोकळा आहे. आवाजाच्या पल्ल्याबाहेर गेलेला स्वर म्यूझस्कोअर रंगाने दाखवतं (प्रेफरन्सेसमधली नोट इनपुटची खूण चालू हवी), पण ते फक्त उंची मोजतं. या उंचीवर 'अ' गायचाय की 'इ', ते मोजत नाही.

वाजवून ऐकण्याबद्दल. म्यूझस्कोअरच्या जोडीचं म्यूझ हब हे ॲप, त्यातून म्यूझ क्वायर हा आवाजसंच फुकट घेता येतो. गोड आहे, चार आवाजांचा तोल समजायला पुरेसा आहे, पण तो शब्द म्हणत नाही, नुसते स्वर गातो. त्यामुळे वर सांगितलेल्या सगळ्या चुका त्यात सुंदरच वाटतात. निर्णय घ्यायचा तो शब्द म्हणणाऱ्या माणसाकडून चाल गाऊन घेतल्यावर.

दुसऱ्या सुराची चढण लिहायला खालून येणारा छोटा ग्रेस नोट (कणस्वर) पुरतो. ग्लिसँडोची (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरण्याची) रेघही देता येते. सरळ रेघ निवडा आणि तिच्यावरचा मजकूर प्रॉपर्टीजमधून काढून टाका, नाहीतर शब्दांवर गिचमिड होते. प्रत्येक दुसऱ्या सुराला देऊ नका. वीसपैकी सात अक्षरं चढती आहेत, सगळ्यांना मींड दिली की कॉयर नशेत असल्यासारखा वाटतो.

लांबीचा हिशोबही आधी करा. पाच अक्षरांची ओळ दोन-तीन अशी तुटते, सात अक्षरांची दोन-दोन-तीन. चार ठोक्यांच्या दोन मापांत एक ओळ बसवली आणि लय मिनिटाला ६० ठेवली, तर अख्खी कविता ३२ सेकंदांत संपते. म्हणजे पुनरावृत्ती आलीच. तिला चिनी परंपरेत आधार आहे. तांगकालीन कवी वांग वेईच्या निरोपाच्या चार ओळींवरची 'यांगग्वान सानद्ये' ही गुछिन या तंतुवाद्याची धून नावातच तीन आवर्तनं सांगते, आणि वांग झेन्या यांनी केलेली तिची मिश्र कॉयरसाठीची मांडणी या कामाचा उत्तम वस्तुपाठ आहे. शब्द तेच, दर फेरीला भार वाढतो. मात्र तोडायचं तर दोनच्या जागी तोडा. 'मिङ य्वे' पुन्हा म्हणता येतं, 'थोउ वाङ मिङ' असा तुकडा अर्थाचा चुराडा करतो.

आणि शब्द टाइप करण्याआधी पाठ तपासा. आज चीनमध्ये सर्वत्र छापला जाणारा पाठ उत्तरकालीन आहे. जुन्या पाठात पहिल्या ओळीत 'मिङ'च्या जागी 'खान' (पाहणं) आणि तिसऱ्या ओळीत 'षान' (डोंगर) आहे. दोन अक्षरं बदलली की दोन सूर बदलतात आणि 'मिङ य्वे'ची पुनरावृत्ती, जिच्यावर अख्खी रचना उभी करता येते, तीच जाते. आम्ही प्रचलित पाठाच्या बाजूने आहोत, पण कार्यक्रमपत्रिकेत एक आणि स्कोअरमध्ये दुसरा असं होऊ देऊ नका.

पाचस्वरी रंगाबद्दल एक आडवळण. चिनी पाच मोडांपैकी (पाचस्वरी थाटांपैकी) गुंग म्हणजे आपला भूप, शांग म्हणजे मधमाद सारंगाचे स्वर, च्युए म्हणजे मालकंस, च् (पिनयिनमध्ये 'झेडएचआय') म्हणजे दुर्गा, यू म्हणजे धानी. फक्त स्वर तेच, चलन नाही. तेवढ्याने मराठी गायकांच्या कानाला रस्ता लवकर सापडतो, आणि त्याच ओळखीमुळे ते मींड-मुरक्या घालू लागतात, तिथे हात धरावा लागतो.

उणिवांपैकी सगळ्यांत मोठी : जिआनपू नाही. १ ते ७ आकड्यांची ही स्वरलिपी चीनमधल्या असंख्य हौशी कॉयरची रोजची लिपी आहे, आणि ४.४ मध्ये ती मूळ सोयीत मिळत नाही. चिनी हौशी कॉयरसाठी लिहीत असाल तर दुसरी वाट शोधावी लागेल.

ऑस्ट्रियन संगीतकार अर्नोल्ड श्योनबर्गला यातला एकही प्रश्न पडला नव्हता. त्याच्या १९२५च्या कॉयर-रचनांतल्या (ओपस २७) शेवटच्या दोन चिनी कवितांवर आहेत, पण जर्मन कवी हान्स बेथगेच्या जर्मन रूपांतरातून. जर्मनला सूर नाहीत. भाषांतर गाणार असाल तर वरचा अर्धा लेख सोडून द्या. तेवढ्यासाठी म्यूझस्कोअर डोळे मिटून घ्या.

छापायला पाठवण्याआधी टूल्समधून 'कॉपी लिरिक्स टू क्लिपबोर्ड' करा, टेक्स्ट एडिटरमध्ये चिकटवा आणि मूळ कवितेशी अक्षर-अक्षर लावून बघा. पारंपरिक आणि सोपी चिनी अक्षरं एकाच स्कोअरमध्ये मिसळलेली इथेच सापडतात. स्वरांखाली विखुरलेली असताना डोळा ती गाळतो. आणि कॉयरला मूळ फाइल देऊ नका, पीडीएफ द्या. मूळ फाइलमध्ये फॉन्ट जात नाही. समोरच्या संगणकावर तो नसला तर इतक्या निगुतीने लावलेल्या तिन्ही ओळी भलत्याच वळणात उघडतात आणि तालमीची पहिली वीस मिनिटं त्यातच जातात.